भाड्यानं द्यायला सांगली-मिरजेत पहिला फ्लॅट घ्यायचाय, अटी काय ठेवू?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. मूळ गाव वाळवा तालुक्यात, नोकरी कुपवाड एमआयडीसीत, विश्रामबागला वडिलांचं घर आहे त्यामुळं स्वतः राहायचा प्रश्न नाही. १२ लाख साठलेत, एफडीत पडून आहेत. बायको म्हणते सोनं घ्या, आई म्हणते गावाकडं अर्धा एकर बघ, आणि माझ्या डोक्यात भाड्याचा फ्लॅट बसलाय कारण आमच्या शिफ्टमधल्या एकाला दर पाच तारखेला भाडं जमा झाल्याचा मेसेज येतो आणि तो गडी न चुकता सगळ्यांना दाखवतो. एजंटनं शामरावनगरात टू बीएचके दाखवलाय, पहिला मजला, बारा वर्षं जुना, ३० लाख सांगतोय, "दहा हजार भाडं कुठं गेलं नाही" म्हणतो. २० लाख कर्ज काढलं तर बसेल असं वाटतंय. घर घ्यायचा अनुभव शून्य. अटी काय लावायच्या, कुठं बघायचं, कुठं बघायचंच नाही, जाणकारांनी सांगावं.

पुण्यातला सांगलीकर

विचार कसला करतोस भावा, घेऊन टाक. जागेतला पैसा कधी वाया जात नाही. आमच्या चुलत्यांनी विश्रामबागला घेतलेल्या प्लॉटची आजची किंमत ऐकलीस तर चक्कर येईल.

हळदगाठ

चुलत्यांनी प्लॉट घेतलावता आणि हा घेतोय बारा वर्षं जुना फ्लॅट. भाव जमिनीला चढतो, स्लॅब म्हातारा होत जातो. प्लॉटचे दाखले देऊन फ्लॅट विकायची एजंट लोकांची जुनी सवय आहे, तू तरी नको करू.

वारणाकाठ, आकडे मांडू. किंमत ३० लाख. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ५ टक्के आणि वर १ टक्का अधिभार, म्हणजे १ लाख ८० हजार. नोंदणी फी १ टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार, ती तुला पूर्ण लागली. एजंटचा १ टक्का धरला तर अजून ३० हजार. रंग, पंखे, गिझर, खिडक्यांच्या जाळ्या, आणि बारा वर्षांच्या फ्लॅटला बाथरूमचं काहीतरी निघणारच, ८० हजार धर. झाले ३३ लाख २० हजार. २० लाख कर्ज वजा केलं तर तुझ्या हातातनं जातात १३ लाख २० हजार आणि तुझ्याकडं आहेत १२. म्हणजे पहिल्याच पायरीला उसनवारी.

आता भाडं. दहा हजार मिळालं असं समजू. वर्षातला एक महिना रिकामा धरायचाच, एक भाडेकरू गेला, रंग मारला, दुसरा आला, यात तेवढा वेळ जातोच. हातात आले १ लाख १० हजार. मेंटेनन्स महिना ८०० म्हणजे ९,६००, घरपट्टी-पाणीपट्टी मिळून ६,००० धर, दुरुस्तीला ८,००० बाजूला टाक. राहिले ८६,४००. ३३ लाख २० हजारावर हे पडतात २.६ टक्के. एफडी तुला याच्या दुप्पट देते आणि तिचा नळ गळत नाही.

हप्ता बघ. साडेआठ टक्क्यानं २० वर्षांला २० लाखाचा हप्ता साधारण १७,३५० बसतो. भाड्यातनं सगळं वजा जाता महिन्याला ७,२०० येतात. म्हणजे दहा हजार खिशातनं, दर महिन्याला, आणि मेसेज मात्र भाडं जमा झाल्याचा.

त्यामुळं माझ्या मते पहिली अट ही की भाड्यावरनं किंमत काढायची. तुला निव्वळ किती टक्के पाहिजेत ते घर बघायच्या आधी ठरव. चार म्हणत असशील तर ८६,४०० ला चार टक्क्यानं भाग, २१ लाख ६० हजार येतात, तेही सगळा खर्च धरून. म्हणजे तो फ्लॅट तुझ्यासाठी १९ लाखाच्या आसपासचा आहे. मालक ३० सांगतोय ते चुकीचं नाही, राहायला घेणारा देईलही. तुला राहायचं नाहीय.

वारणाकाठ

बाप रे. एजंटनं तर बारा महिन्यांचं भाडं भागिले किंमत करून चार टक्के दाखवलेवते. पण मग निव्वळ चार टक्के मिळणारं इथं काही आहे का? आणि घराची किंमत वाढेल ती धरायचीच नाही का?

हळदगाठ

वाढली तर आनंदच आहे. पण वाढ धरून हिशेब केलास तर कुठलंही घर परवडतंय असंच दिसतं, मग अटी लावायच्याच कशाला. चार टक्के मिळतात, टू बीएचकेत अवघड आहे, लहान घरात मिळतात. मामा ऑनलाइन आले की सांगतील, त्यांचं आयुष्य गेलंय त्यात.

मिरजकर मामा

आलो. अरे बाबा, तू घर बघायला निघालायस, आधी भाडेकरू बघ. कोण राहणार आहे त्या शामरावनगरच्या टू बीएचकेत? नोकरदार कुटुंब. त्याला पोरांची शाळा जवळ पाहिजे, लिफ्ट पाहिजे, पार्किंग पाहिजे, आणि तो विश्रामबाग, शंभरफुटी, वारणाली सोडून तुझ्याकडं का येईल ते सांग. दोन वर्षं राहतो आणि स्वतःचा फ्लॅट घेऊन जातो, कारण हप्ता भरायची ऐपत त्याचीही असते.

मिरजेचं गणित वेगळं. सिव्हिल आहे, मेडिकल कॉलेज आहे, खाजगी दवाखाने गल्लोगल्ली, पार कर्नाटकातनं पेशंट येतात. तेवढ्या दवाखान्यांना माणसं लागतात. नर्सा, लॅबवाले, मेडिकल दुकानातली पोरं, नवीन लागलेले डॉक्टर, वर जंक्शन असल्यानं रेल्वेवाले. ह्यांना तीन खोल्या नको असतात. रात्रपाळी करून चालत घरी येता आलं पाहिजे, सकाळी झोपताना वर कुणी फरशी घासली नाही पाहिजे आणि बारा महिने पाणी पाहिजे. बास. वन आरके नाहीतर लहान वन बीएचके. १३ लाखाचा जुना वन बीएचके समज, भाडं साडेसहा हजार. हळदगाठ, तुमच्या पद्धतीनं करा बघू.

हळदगाठ

करतो मामा. १३ लाख, मुद्रांक-नोंदणी ७ टक्के म्हणजे ९१ हजार, एजंट १३ हजार, डागडुजी ६० हजार, एकूण १४ लाख ६४ हजार. अकरा महिन्यांचं भाडं ७१,५००, खर्च साडेपंधरा हजार धरू, राहिले ५६ हजार. ३.८ टक्के. आणि बारा लाख हातात असल्यावर कर्ज तीन-चार लाखाचंच लागतंय, भाड्यातनंच फिटेल. डोक्याला ताप नाही.

मिरजकर मामा

तेच म्हणतोय. आणि भाडं किती चाललंय हे विकणाऱ्या एजंटला विचारायचं नसतं रे. दुसऱ्याच एजंटला फोन लाव आणि म्हण मला त्या भागात राहायला खोली पाहिजे, किती पडेल. जो आकडा सांगेल तो खरा, त्यातनंही घासाघीस होऊन पाचशे कमी होतात. मग त्या बिल्डिंगखालच्या किराणावाल्याकडं चहापत्ती घ्यायला जा. कुठला फ्लॅट किती दिवस बंद आहे, कुणाचं कुणाशी भांडण आहे, पाणी किती वाजता येतं, सगळं तो सांगतो, फक्त घाई करायची नाही.

पाणीपातळी

सगळ्यांनी टक्के काढले पण शामरावनगर म्हटल्यावर एकानंही पाण्याचं विचारलं नाही याचं नवल वाटलं. सांगलीत घर घेणाऱ्याची पहिली अट पाणीच पाहिजे.

दोन पाणी वेगवेगळी आहेत. एक कृष्णेचं. आयर्विन पुलाला इशारा पातळी ४० फूट, धोका ४५. २०१९ च्या ऑगस्टला ५७ च्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत परत ५५ च्या आसपास. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, काकानगर, दत्तनगर, कर्नाळ रोड इथं आधी येतं, मग मारुती चौक, टिळक चौक, गावभाग, पलीकडं सांगलवाडी. दुसरं पाणी पावसाचं, ते नदीचं नसतं. शामरावनगरचा भाग सखल, माती काळी, पाण्याला निचरा नाही. तिथं नदीला पूर नसतानाही पावसाळ्यात रिकाम्या प्लॉटांची तळी होतात, डास होतात, रस्त्यावर चिखल. फ्लॅट पहिल्या मजल्यावर आहे म्हणून तुझी फरशी भिजणार नाही, पण भाडेकरू गाडी कुठनं काढणार? जुलैत खोली सोडून जातो तो.

पूररेषेचा नकाशा बघ. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतनं एकदा येणाऱ्या. पण नकाशाच्या आधी पार्किंगमध्ये जाऊन उभा राहा. मीटरची पेटी किती उंचीवर आहे बघ. पुरात बुडालेल्या बिल्डिंगांनी नंतर मीटर वर उचलून घेतलेत, भिंतीवर जुन्या पेटीच्या खिळ्यांची भोकं बुजवलेली दिसतात. खालच्या तीन-चार फुटाला वेगळा रंग असेल, टाइल्स लावल्या असतील तर का लावल्या विचार. जिन्याखाली रंग मारायचं कुणाच्या लक्षात राहत नाही, तिथं प्लास्टर फुगलेलं असतं, नखानं खरवडलं की पांढरा लोणा हाताला लागतो. लिफ्टचा खड्डा बॅटरी मारून बघ. आणि घर बघायला मे महिन्यात जाऊ नको, धो धो पाऊस पडल्याच्या दुसऱ्या दिवशी जा, एजंट टाळाटाळ करायला लागला की समज.

पुण्यातला सांगलीकर

म्हणजे सांगलीत कुणी घरच घेऊ नये की काय. २०१९ ला बुडालेल्या भागात आजही लोक राहतात, भाड्यानंही राहतात.

पाणीपातळी

राहतात की. आमचंच घर गावभागात आहे, पिढ्यान् पिढ्या. पूर आला की सामान वर चढवायचं आणि पाहुण्यांकडं जायचं हे अंगवळणी पडलंय. पण ते आमचं घर आहे, आम्ही धुवून परत राहायला येतो. भाडेकरू कशाला परत येईल? पुराच्या भागात घ्यायचंच असेल तर वर्षाला एकऐवजी दोन-तीन महिने रिकामं धरून हळदगाठचं गणित लावा, किंमत किती पाडून मागायची ते आपोआप कळतं.

कागदकीडा

कागदांचं सांगतो, घाईत लिहितोय. सांगली-मिरज-कुपवाडमध्ये गुंठेवारी, म्हणजे मंजुरी न घेता गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पाडून विकलेली जागा, भरपूर आहे. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी नियमित करून घ्यायची सोय आहे, पण "सोय आहे" आणि "करून घेतलंय" यात फरक आहे. एजंट म्हणेल होऊन जाईल. झालेलं प्रमाणपत्र दाखव म्हणायचं, नसेल तर चहा पिऊन निघायचं. बऱ्याच बँका अशा जागेला कर्ज देत नाहीत आणि उद्या विकताना तुमच्या गिऱ्हाइकालाही देणार नाहीत.

बाकी फ्लॅटला सिटी सर्व्हेचा उतारा, बिगरशेती आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम पूर्ण झालं, राहायला हरकत नाही असा महापालिकेचा दाखला), बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतचे सगळे मूळ करार, अपार्टमेंट असेल तर डिक्लेरेशन आणि अपार्टमेंट डीड, सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेट आणि ना हरकत. वकिलाकडनं ३० वर्षांचा सर्च, म्हणजे जागेच्या जुन्या व्यवहारांची तपासणी. बँक कर्ज देतेय म्हणजे कागद चोख असं समजून स्वतःचा वकील न लावणारे बघितलेत, बँकेचा वकील बँकेसाठी बघतो हो. मंजूर नकाशावर टेरेस म्हणून दाखवलेली जागा बंद करून बेडरूम केलीय का तेही मोजा. नवीन बांधकाम चालू असलेलं घेणार असाल तर जीएसटी लागतो, भोगवटा मिळालेल्या तयार घराला लागत नाही, आणि ताबा लांबला की तोवर भाडं शून्य. पहिल्या वेळेला तयार घरच बरं.

वारणाकाठ

घर बायकोच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्क कमी लागतं म्हणतात, खरं का? आणि भाड्यावर टॅक्स?

हळदगाठ

खरं आहे, बाईच्या एकटीच्या नावावर राहतं घर घेतलं तर १ टक्का सवलत आहे. १३ लाखावर १३ हजार वाचले. पण पैसे तुझे असतील तर भाडं तुझ्याच उत्पन्नात धरतात, टॅक्स वाचेल ही आशा सोड. टॅक्सचं थोडक्यात: भाड्यातनं भरलेली घरपट्टी वजा, उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट, पावत्या दाखवायच्या नाहीत, वर कर्जाचं व्याज वजा. इन्कम टॅक्सच्या जुन्या पद्धतीत व्याजापोटी तोटा आला तर वर्षाला २ लाखापर्यंत पगारातनं वजा करता येतो. नवीन पद्धतीत तसं पगारातनं वजा होत नाही. "टॅक्स वाचवायला कर्ज काढून घर घ्या" हा जुना सल्ला देणारे काका लोक अजून आहेत, त्यांना नमस्कार करायचा.

माईची लेक

भाडेकरूबरोबरच्या कराराबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून लिहिते. आईच्या नावावर दोन खोल्या आहेत कोल्हापूर रोडला, बघते मी. करार नोंदवूनच करा दादा. नोटरी केलेला कागद चालतो असं सगळे सांगतात, पण १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ आहे, करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. खर्च काही फार नाही, अकरा महिन्यांच्या एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या १० टक्के व्याजावर पाव टक्का मुद्रांक. दहा हजार भाडं, तीस हजार डिपॉझिट असलं तरी तीनशेच्या आतबाहेर, आणि शहरात नोंदणीचे हजार. घरबसल्या अंगठा घेऊन ऑनलाइन होतो. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे या अकरा महिन्यांच्या कराराची, मुदत संपून भाडेकरू राहिला तर दुप्पट भाडं मागायची तरतूद आहे, ती नोंदणी असेल तरच उपयोगाची. भाडेकरूची माहिती पोलिसात द्या, आधारच्या झेरॉक्ससकट.

आणि एक मनातलं. बिल्डिंगमध्ये बॅचलर चालत नाहीत, अमुक आडनाव चालत नाही, मांसाहारी चालत नाही असले अलिखित नियम सांगलीत ढिगानं आहेत. मला स्वतःला ते पटत नाहीत, पण घेणाऱ्यानं निदान घ्यायच्या आधी सेक्रेटरीला विचारावं. मामा म्हणतात त्या नर्सा आणि लॅबवाली पोरं नकोत म्हणणारी बिल्डिंग असेल तर तुमचा अर्धा बाजार तिथंच बंद. आमच्याकडं आत्तापर्यंत सगळ्यात नीट घर ठेवलं ते तीन नर्सिंगच्या पोरींनी, आणि भाडं थकवून गेलं ते चांगलं चौकोनी कुटुंब.

कंदीपेढा

साताऱ्याचं पण बघा की वारणाकाठ, पुराची कटकट नाही. सदर बझार, गोडोली, विसावा नाका, बदलीवर आलेले सरकारी लोक कायम घर शोधत असतात, आता सरकारी मेडिकल कॉलेज पण आलंय.

मिरजकर मामा

सातारा चांगलंच आहे हो, पण हा कुपवाडात शिफ्ट करणार आणि साताऱ्यात नळ गळला की शंभराच्या वर किलोमीटर जाणार? तिथं पुण्या-मुंबईचे लोक दुसरं घर म्हणून घेतात, त्यांना भाड्याशी देणंघेणं नसतं, भाव तेच ठरवतात. पहिलं घर अर्ध्या तासाच्या आत पाहिजे, प्लंबर स्वतः घेऊन जाता येईल असं. दुसरं-तिसरं कुठंही घ्या.

कंदीपेढा

हे मान्य. प्लंबर मिळणं साताऱ्यातही अवघडच आहे म्हणा.

वारणाकाठ

सगळ्यांचं वाचून, बायकोला बसवून अटी लिहून काढल्या, चुकत असेल तर सांगा. सगळा खर्च धरून १५ लाखाच्या आत. कर्ज चार लाखाच्या वर नाही. निव्वळ साडेतीन टक्क्याच्या खाली गेलं तर घर कितीही आवडलं तरी नाही. दवाखान्यांपासून चालत. निळ्या आणि लाल दोन्ही रेषांच्या बाहेर. गुंठेवारी नाही, भोगवटा पाहिजेच. बिल्डिंगला बॅचलर चालले पाहिजेत. तिसऱ्या मजल्याच्या वर असेल तर लिफ्ट. शामरावनगरवाल्याला नाही म्हणून कळवलं, तो लगेच २७ वर आला, मी तरी नाहीच म्हटलं. बायकोनं एक अट स्वतः घातलीय, सहा महिन्यांचा घरखर्च एफडीत तसाच ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही. मग कर्ज पाच-सहा होतंय.

हळदगाठ

वहिनींची अट सगळ्यात वर लिही. कर्ज सहा झालं तर होऊ दे, हप्ता ५,२०० च्या आसपास येतो. निव्वळ भाडं त्याच्या थोडं खालीच राहील, पण पाच-सहाशे रुपये महिना तुला जड नाहीत.

मिरजकर मामा

पाण्याची अट राहिली. नळाचं पाणी किती वेळ आणि बोअर आहे का. नुसत्या बोअरवर असेल तर पाणी जड असतं, गिझरची कॉइल आणि नळाचे स्पिंडल दर वर्षाला जातात, दुरुस्तीचे आठ हजार धरलेत ते पुरायचे नाहीत. आणि महावितरणच्या मीटरवर मागची थकबाकी बघ, नावावर करून घेताना ती तुझ्या गळ्यात पडते.

वारणाकाठ

मामा, लिहून घेतलं. मिरजेत एक वन बीएचके सापडलाय, साडेतेरा सांगतोय, पावसात जाऊन आलो, पार्किंग कोरडं होतं. अटींत बऱ्यापैकी बसतोय. अडचण एकच, आत भाडेकरू आहे, एका लॅबमध्ये कामाला आहे, सहा हजार देतो, दोन वर्षं झाली म्हणे. मालक म्हणतो तयार भाडेकरूसकट घ्या, पहिल्या दिवसापासनं भाडं चालू. हे बरं की वाईट?

कागदकीडा

करार बघितल्याशिवाय दोन्ही नाही. नोंदणीकृत करार, मुदत कधी संपते, डिपॉझिट किती, भाडं बँकेत येतं का रोखीत, हे बघा. सगळं नीट असेल तर डिपॉझिटची रक्कम खरेदीच्या किमतीतनं वजा करून घ्या आणि तसं खरेदीखतात लिहा, नाहीतर जुना मालक डिपॉझिट घेऊन मोकळा होतो आणि पोरगं जाताना तुमच्याकडं मागतं. खरेदी झाली की त्याच्याशी तुमच्या नावानं नवीन करार करून नोंदवा.

वारणाकाठ

करार मागितला. तोंडीच आहे म्हणतो.

कागदकीडा

मग खरेदीआधी रिकामा करून ताबा द्या म्हणा. तोवर टोकनचा एक रुपया देऊ नका. पोरगं चांगलं असेल तर त्याला सांगून ठेवा, खरेदी झाल्यावर नोंदवलेला करार करून त्यालाच परत द्या.